अनोळखी माणसं ‘आपली’ नेमकी कधी होतात?

आंब्याची_सावली | शुक्रवार, रात्री ९.४०

गेल्या आषाढीला मी पहिल्यांदा पायी वारी केली. एकटीने. वय ५४, नुकतीच नोकरीतून मोकळी झाले होते. भाजीवाल्या काकांच्या ओळखीने रथामागच्या एका दिंडीत नाव घातलं, भिशी (दिंडीतल्या जेवणाची वर्गणी) भरली आणि पिशवी घेऊन आळंदीत जाऊन उभी राहिले. दिंडीत दीडशेच्या आसपास माणसं होती, त्यातलं एकही माझ्या ओळखीचं नव्हतं.

पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यात लांबचा. दिवे घाट चढून तंबूत पोचले तेव्हा डाव्या टाचेला लिंबाएवढा फोड आला होता. शेजारी पथारी टाकलेल्या परभणीकडच्या मावशींनी काही न विचारता माझा पाय मांडीवर घेतला, सुईदोरा ओवला, फोडातून आरपार काढला आणि दोरा तसाच आत ठेवला. ‘पाणी झिरपून जाईल, सकाळी चालशील,’ म्हणाल्या. सकाळी खरंच चालले. जेजुरी येईपर्यंत आपण एकट्या आलोय हे मी विसरून गेले होते. वाखरीला माझा चष्मा हरवला तर पाच-सहा बाया चिखलात ओणव्या होऊन शोधत होत्या. त्यातल्या दोघींची नावं मला आजही माहीत नाहीत. सगळ्या ‘माउली’.

घरी आले. पुण्याच्या कडेला ३१२ सदनिकांच्या संकुलात सहा वर्षं राहतेय. गणपती होतो, हळदीकुंकू होतं, माणसं सगळी चांगली आहेत. पण रात्री दोन वाजता ताप चढला तर कुणाचं दार वाजवायचं म्हणाल तर दोनच दारं आठवतात. उन्हाळ्यात टँकर आला की ‘ए’ इमारत आणि ‘डी’ इमारत एकमेकींकडे बघत नाहीत.

अठरा-एकोणीस दिवसांत जे झालं ते सहा वर्षांत का होत नाही? माझा अंदाज असा की एकत्र सोसलेले कष्ट माणसांना जोडतात. तुमचे अनुभव सांगा. माझं चुकत असेल तर तेही सांगा.

डोंगरवेडा | रात्री १०.०५

कष्टच. दुसरं काही नाही. उत्तराखंडात बर्फातून खिंड ओलांडताना आम्ही चौदा जण होतो, चार राज्यांतले. एकाचा पाय घसरला तेव्हा बाकी तेरांचे हात एकदम पुढे गेले. खाली उतरल्यावर परतीच्या गाडीत बसताना मोठमोठे बाप्ये रडत होते.

पण एक खटकतं. आज त्या गटात फक्त वाढदिवसाचे केक दिसतात. मग तेव्हाचं खरं होतं का?

खानावळ_लालबाग | रात्री ११.२०

खरं होतं. पण खिंड एकदा ओलांडून झाली, आता एकत्र करायला काय उरलं?

माझ्या आजीची लालबागला खानावळ होती. एका खोलीत चूल, तिथेच आमचा संसार, आणि बावीस गिरणी कामगार दोन वेळा जेवायला. त्यांच्या राहण्याची तऱ्हा सांगते. एका खोलीत तीन पाळ्यांची माणसं. रात्रपाळीवाला सकाळी परत येऊन पहिल्या पाळीवाल्याच्या अजून गरम असलेल्या वळकटीच्या जागेवर झोपायचा. प्रत्येकाची एक ट्रंक आणि भिंतीला एक खुंटी. खोलीत गाववाले असायचे, पण आजीच्या पंगतीला साताऱ्याचे, कोकणातले, जुन्नरचे सगळे यायचे. सुरुवातीला रोज भांडण. घाटावरच्यांना भाकरी हवी, कोकणातल्यांना भात. सुक्या बोंबलाचा वास आला की दोघे ताट घेऊन बाहेर कट्ट्यावर जाऊन बसायचे. आजीने कुणाला समजावलं नाही. तिने पाळ्या लावून दिल्या. ज्याला सुट्टी त्याने पाणी भरायचं, एकाने कोळसा आणायचा, लिहिता येणाऱ्याने बाकीच्यांची गावाकडची पत्रं आणि मनिऑर्डरी लिहायच्या. ती पत्रं लिहिण्याची पाळी फार मोठी गोष्ट होती. कुणाची बायको आजारी, कुणाची म्हैस मेली, कुणाच्या भावाने शेत बळकावलं, हे सगळं लिहिणाऱ्याला कळायचं. साताऱ्याच्या माणसाचं दुःख कोकणातल्या माणसाच्या हातून कागदावर उतरायचं. त्यानंतर बोंबलावरून कुणी उठून गेलं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. आजीने उधारीवर सात महिने जेवण घातलं, मग तिच्या पाटल्या गेल्या. कितीतरी जण गावी परतले ते पुन्हा आलेच नाहीत. आजी २००४ मध्ये गेली. तेराव्याला पाटण तालुक्यातून एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांना कुणी कळवलंही नव्हतं. त्यांनी बावीस वर्षांपूर्वीची उधारी आणली होती, रुमालात बांधून. आईने घेतली नाही. त्यांनी ती फोटोपुढे ठेवली आणि जेवून गेले.

काजवा | रात्री ११.३४

ताई, वाचून गप्प बसलो होतो. एवढंच लिहायला आत आलो.

प्रश्नचिन्ह | शनिवार, सकाळी ७.१५

@आंब्याची_सावली, तुमच्या प्रश्नावर एक गाजलेला प्रयोग आहे. १९५४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अकरा-बारा वर्षांची २२ अनोळखी मुलं शिबिराला नेली आणि त्यांचे दोन गट केले. आधी दोन्ही गटांना एकमेकांचा पत्ता नव्हता. मग सामने लावले, बक्षिसं ठेवली. आठवड्याभरात झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. नंतर जुळवायचं ठरलं तेव्हा शेरीफने आधी दोघांना एकत्र जेवायला बसवलं, सिनेमा दाखवला. उपयोग शून्य, उलट पोरांनी एकमेकांवर अन्न फेकलं. मग शिबिराचं पाणी ‘बंद पडलं’ (मुद्दाम पाडलं होतं) आणि सगळ्यांना मिळून बिघाड शोधावा लागला. पुढे ट्रक अडकला, तो दोघांनी मिळून दोराने ओढला. अशी चार-दोन कामं झाल्यावर परतताना सगळे एकाच बसमधून आले आणि एका गटाने बक्षिसाच्या पाच डॉलरमधून सगळ्यांना थंडगार दूध पाजलं.

म्हणजे नुसत्या गणपतीच्या जेवणावळीने संकुल एक होणार नाही. दोघांनाही एकट्याने न जमणारं काम हवं.

हेही सांगितलं पाहिजे की त्याच्या आदल्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यात त्याने असाच प्रयोग केला होता आणि तो फसला. तिथल्या मुलांची गट पाडण्याआधीच मैत्री झाली होती, ती काही केल्या भांडेनात.

काजवा | सकाळी ७.४०

मला तर तो फसलेलाच प्रयोग जास्त आवडला.

आठ_एकवीस_फास्ट | सकाळी ९.०२

काम वगैरे काही लागत नाही हो. आमचा लोकलचा ग्रुप चौदा वर्षांचा आहे. तिसरा डबा, खिडकीकडची बाजू. भजन, पत्ते, दसऱ्याला डब्याला तोरण. माझे वडील गेले तेव्हा सकाळी साडेसहाला अकरा जण दारात उभे होते. निम्म्यांची आडनावं मला तेव्हा कळली, खांदा द्यायला नावं विचारली म्हणून. रोज भेटणं एवढं पुरतं. वेळ द्या, माणसं आपोआप जुळतात.

निशा_वसई | सकाळी ९.३०

@आठ_एकवीस_फास्ट, तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं, आणि ते अकरा जण आले याचं अप्रूपही आहे. तरीही मला लिहावंच लागेल. अशाच एका ग्रुपने मला सातव्या महिन्यात चौथी सीटसुद्धा दिली नव्हती. ‘ही आमची जागा आहे, आमची मैत्रीण पुढच्या स्टेशनला चढणार आहे.’ त्या बायकांचं आपसात सख्ख्या बहिणींसारखं होतं, एकमेकींच्या डोहाळजेवणाला साड्या घेऊन जायच्या. त्याच बायका. मी त्यांच्यापुढे दांडीला धरून उभी होते.

त्यामुळे एकजूट म्हटलं की मी आधी बघते, नव्या माणसाला जागा करतात का.

आठ_एकवीस_फास्ट | सकाळी ९.५८

तुमचं बरोबर आहे. आम्हीही जागा धरतो. हे असं समोरून कुणी कधी सांगितलं नव्हतं. सोमवारी डब्यात काढतो हा विषय.

पंचगंगा | सकाळी ११.१०

कष्टानं माणसं जोडली जात्यात हे अर्धं खरं हाय. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या शिरोळ तालुक्यात पाणी शिरलं. आठवडाभर आमची गल्ली एका मंगल कार्यालयात. ज्या घरांचं बांधावरनं कोर्टात चाललं हुतं, ती एका सतरंजीवर झोपली. कोण कुठली पोरं काहिली घेऊन आली, झुणका-भाकरी करून घातली, जनावरांना वैरण आणली. कुणाचं नाव नाही, गाव नाही. मला वाटलं, आता ह्या गावात पुन्हा भांडण व्हायचं नाही.

पाणी उतरलं. पंचनामे सुरू झाले. कुणाचं नाव यादीत आलं, कुणाचं राहिलं. पंधरा दिवसांत तीच सतरंजीवरची माणसं पुन्हा एकमेकांकडं पाठ करून बसली, आणि ह्या खेपेला आधीपेक्षा वाईट. संकटात एक होणं सोपं असतंय. वाटणी आली की कळतंय.

डोंगरवेडा | सकाळी ११.२५

पंचगंगा, माझ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे मिळालं बहुतेक. आमच्या खिंडीत वाटून घ्यायला काही नव्हतंच.

खारट_वारा | सकाळी ११.४०

मस्कतहून लिहितोय. वर बोंबलावरून उठून गेलेल्या दोघांबद्दल वाचलं आणि आमचं बॅचलर बिऱ्हाड आठवलं. सहा जण: दोन मालवणी, एक नागपूरकर, दोन केरळचे, एक बंगाली. मासे सगळे खाणारे, आणि तरी भांडण माशावरूनच! बंगालीबाबू समुद्राच्या माशाला मासाच मानायचा नाही. शेवटी शुक्रवारची सुट्टी आळीपाळीने एकेकाच्या स्वयंपाकाला दिली. खाणाऱ्याने नावं ठेवायची नाहीत, ठेवली तर भांडी घासायची. नागपूरकराने पाच वर्षांत सगळ्यात जास्त भांडी घासली. :)

उंबरठा | दुपारी १२.३०

वारीचं कौतुक वाचतोय. वारी मलाही प्रिय आहे, माझे आजोबा माळकरी होते. पण ज्यांनी ती वाट जन्मभर चालली त्या चोखोबांची समाधी पंढरपुरात देवळाच्या आत नाही, महाद्वारासमोर बाहेर आहे. मंगळवेढ्याला कुसू, म्हणजे गावाभोवतीची भिंत, बांधताना ती कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. वाटेवर ‘माउली’ आणि दारात ‘तू थांब’. साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावं लागलं तेव्हा कुठे ते मंदिर अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडलं. आमच्या आजोबांनी त्याआधी कितीतरी वर्षं कळसाला हात जोडून परतवारी केली होती.

आंब्याची_सावली ताई, तुमच्या मावशींच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण वारीत माणूस एक होतो असं सरसकट म्हटलं की आजोबा आठवतात. एकजूट दारापर्यंत की दाराच्या आतपर्यंत, हा प्रश्न मी विचारणारच.

आंब्याची_सावली | दुपारी १.१५

उंबरठा, विचारायलाच हवा. मी समाधीपाशी डोकं टेकवलं होतं, पण गर्दीबरोबर पुढे सरकले. ती बाहेर का आहे, असं मनात आलं नाही. तुमच्या आजोबांबद्दल आणखी लिहाल का? कुठल्या दिंडीत होते?

उंबरठा | दुपारी १.५०

कुठल्याच नाही. चार-पाच जण मिळून मागून चालायचे, भाकरी घरून बांधून. मी २०११ मध्ये त्यांची वीणा घेऊन गेलो होतो. एका दिंडीने मला आत घेतलं, जात कुणी विचारली नाही. मीच सांगितली. विणेकरी बाबांनी आपली वीणा काढून ठेवली आणि त्या दिवशी आजोबांची वीणा गळ्यात घालून ते चालले. हेही खरं आहे, म्हणून लिहितोय. दोन्ही खरं आहे.

तुळसमाळ | दुपारी ३.२०

रामकृष्ण हरी. माझ्या ३१ वाऱ्या झाल्या. नातू टाइप करतोय, मी सांगतो.

ताईंनी फोडाचं लिहिलं, बरं वाटलं. पण दिंडी प्रेमावर चालत नाही, दिंडी शिस्तीवर चालते. पुढं पताका, मग टाळकरी, मध्ये मृदंग, मग विणेकरी, मागं तुळशीवाल्या आयाबाया. रथापुढं सत्तावीस दिंड्या, बाकी मागं, प्रत्येकीला क्रम. सकाळी कुठले अभंग, दुपारी कुठले, संध्याकाळी हरिपाठ, सगळं ठरलेलं. आरफळच्या हैबतबाबांनी घालून दिलेली ही घडी. नवा माणूस आला तर त्याला ‘कुठं उभा राहू’ विचारावं लागत नाही. ज्याला उभं राहायची जागा मिळाली त्याचं निम्मं परकेपण तिथंच जातं.

आता भांडणाचं सांगतो, कारण पंचगंगावाल्या पाव्हण्यांनी कळीचा मुद्दा काढला. दिंड्यांत भांडणं होत नाहीत असं नाही. तंबूची जागा, टँकरचं पाणी, कुणी क्रम मोडला, कुणी पुढं घुसलं. लाखो माणसं, होणारच. त्यासाठी समाजआरती आहे. मुक्कामावर पालखीभोवती सगळ्या दिंड्या उभ्या राहतात, टाळांचा नुसता कल्लोळ असतो. चोपदार दंड उंचावून ‘होऽऽ’ करतात आणि एका क्षणात सगळे टाळ थांबतात. इतकी शांतता की लांबची म्हैस हंबरलेली ऐकू यावी. पण ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही. ती वाजवतच राहते. मग चोपदार त्यांच्यापाशी जातात, म्हणणं ऐकतात, तिथल्या तिथं निवाडा होतो. त्यांचे टाळ थांबल्याशिवाय आरती नाही. हरवलं-सापडलं तिथंच पुकारतात, उद्या किती वाजता निघायचं तेही तिथंच.

एका वर्षी आमच्या दिंडीचं पाणी तोडलं होतं. आम्ही टाळ वाजवला. लाखोंचा समाज गप्प उभा आणि आमचेच चाळीस टाळ वाजतायत. अंगावर काटा आला होता. आमचं ऐकलं गेलं. त्या रात्री ज्या दिंडीनं पाणी तोडलं होतं त्यांचीच पोरं हंडे घेऊन आली.

प्रश्नचिन्ह | दुपारी ३.४५

बाबा, हे मला माहीत नव्हतं. माझ्या प्रयोगात ही गोष्ट नाहीच. शेरीफने मुलांना काम दिलं, गाऱ्हाणं सांगायची जागा दिली नाही.

पंचगंगा | दुपारी ४.००

आमच्या मंगल कार्यालयात कुणीतरी टाळ वाजवत राहायला हवा हुता बघा. यादीत नाव नसलेले लोक घरी जाऊन गप्प बसले. तिथंच नासलं.

समतल_चर | सायंकाळी ५.३०

कोरेगाव तालुक्यातून. सगळे अनोळखी माणसांबद्दल बोलताय, मला वाटतं ओळखीची माणसं जुळवणं जास्त अवघड. २०१६ ला पाणी फाउंडेशनची वॉटर कप, म्हणजे गावागावांत पाणी अडवण्याच्या कामाची स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी तीनच तालुके: वरुड, अंबाजोगाई आणि आमचा. आमच्या तालुक्यातलं वेळू जिंकलं. आमचं गाव जिंकलं नाही, नंबरातही नव्हतं. ४५ दिवस श्रमदान. पहिल्या दिवशी माळावर अकरा माणसं, त्यातली चार एका घरातली. माझा चुलता आणि मी नऊ वर्षं बोलत नव्हतो. मी टिकाव मारत होतो आणि घमेलं उचलायला समोर कोण तर चुलता. तो काही बोलला नाही, मीही नाही. माती भरायची, घमेलं द्यायचं, रिकामं घ्यायचं. आठव्या-नवव्या दिवशी ‘हळू मार, दगड आहे’ म्हणाला. नऊ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य ते.

बांधाचा वाद आजही तसाच आहे. पण आता आम्ही तो समोरासमोर बसून घालतो, चहा घेत.

निशा_वसई | सायंकाळी ५.५२

‘हळू मार, दगड आहे.’ दिवसभर हे डोक्यात राहणार आता.

खानावळ_लालबाग | सायंकाळी ६.१५

तुळसमाळ बाबांचं वाचल्यावर आईला फोन केला. ती म्हणाली, आजीकडेही असं होतं. महिनाअखेरीला हिशेबाच्या दिवशी जेवणाआधी सगळे बोलायचे: डाळ पातळ होती, अमक्याने पाणी भरलं नाही, तमक्याने दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. आजी उत्तर द्यायची नाही, ऐकायची. ‘झालं सगळ्यांचं?’ एवढं विचारायची आणि मगच पातेल्यावरचं झाकण काढायची. मी फक्त पत्रांचं लिहिलं होतं, हे राहिलंच होतं.

आंब्याची_सावली | रविवार, रात्री ९.१०

काल रात्री झोप लागली नाही. मी कष्ट म्हणत होते. पण आमच्या संकुलातही कष्ट आहेत की, टँकरच्या रांगेत रात्री बारा वाजता उभं राहतोच आम्ही. मग समाजआरतीचं वाचल्यावर आमची वार्षिक सभा डोळ्यांपुढे आली. ‘डी’ इमारतीतले एक आजोबा दर वेळी उठतात, सातव्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणतात, आणि दर वेळी उत्तर मिळतं, ‘काका, ते नंतर बघू, आधी विषयपत्रिका संपवू.’ आम्ही बाकीचे मान खाली घालतो. मीसुद्धा सहा वर्षं घातली. त्यांचा टाळ आम्ही कधी ऐकलाच नाही.

आज सकाळी त्यांच्या घरी गेले. सातव्या मजल्यावर तीन घरं आहेत. तिन्ही घरांत स्वयंपाकघरात पिंप, न्हाणीत पिंप, बाल्कनीत पिंप. आजोबा ७८ वर्षांचे आहेत आणि लिफ्टमधून कॅन चढवतात. मी ‘ए’ इमारतीत राहते, आमच्याकडे पाणी वाया जातं. हे मी या धाग्यावर लिहीपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी टाकीपाशी बोलावलं होतं. दोन्ही इमारतींचे मिळून अकरा जण आले. ठरवलं एवढंच की पाण्याची तक्रार असलेली घरं आधी बोलतील, तोवर बाकीच्यांनी उत्तर द्यायचं नाही. चाळीस मिनिटं लागली. राग बराच निघाला, माझ्यावरही. मग आमच्या इमारतीतला एक मुलगा, प्लंबिंगचं काम जाणणारा, टाकीवर चढला. ‘डी’कडे जाणारा व्हॉल्व्ह अर्धाच उघडतोय, गंजलाय. बुधवारी बदलायचाय, वर्गणी दोन्ही इमारतींत सारखी.

डोंगरवेडा | रात्री ९.२५

बुधवारी किती वाजता? मी बाणेरला असतो, पान्हे आहेत माझ्याकडे.

आंब्याची_सावली | रात्री ९.३१

सकाळी आठ. नाश्त्याला उपमा आहे, सातव्या मजल्यावर. पाणी आम्ही ‘ए’वाले चढवतोय.

तुळसमाळ | रात्री ९.५०

रामकृष्ण हरी. व्हॉल्व्ह बसवला की आजोबांना पहिला नळ सोडायला सांगा. आणि उंबरठा, यंदा येणार असाल तर आमच्या दिंडीत या. नातू नंबर पाठवेल. वीणा घेऊन या.

उंबरठा | रात्री १०.१२

येतो बाबा. तारा बदलून घ्यायच्या आहेत, आठवड्याभरात होतील.